परदेशी नांदायला जाणाऱ्या मुलीचे कागद तिच्याच हाती असू द्या

"मुलगी नागपूरला दिली, पुण्याला दिली," असे आपल्या वस्तीत पूर्वी सांगत. आता "मुलगी अमेरिकेला दिली" असेही अधूनमधून कानावर येते. चाळीतली, झोपडपट्टीतली मुले शिकली, इंजिनिअर झाली, नर्स झाली, सातासमुद्रापार गेली. तिकडे स्थायिक झालेला मुलगा सुट्टीत येतो, पंधरा दिवसांत लग्न उरकते आणि तो परत जातो. मग सुरू होते कागदांची धावपळ. आईवडील लग्नाच्या मांडवासाठी कर्ज काढतात. मुलीला नवऱ्याजवळ पोहोचविणारी फाईल मात्र कोणाच्या तरी भरवशावर सोडून देतात.

मी एका कचेरीत कारकून आहे. कागदाशी माझा रोजचा संबंध. संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. त्या अनुभवावरून आधीच एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या कायद्यापुढे आपली मुलगी म्हणजे त्यांच्या नागरिकाची 'परदेशी पत्नी'. ती कोण, तिचा जन्म कुठला, तिचे लग्न खरे की खोटे, हे तिकडचा अधिकारी तिच्या कागदावरून ठरवतो. म्हणून हे कागद तिने स्वतः जमवावेत, वाचावेत आणि जपावेत. सून परदेशी नसून जावई इकडून जाणारा असेल, तरी नियम तेच.

आधी जावयाचा कागद पाहा

"मुलगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर भाळू नका. तो तिथे कशाच्या आधारावर राहतो ते विचारा. तो अमेरिकेचा नागरिक असेल, तर त्याच्या पत्नीला व्हिसाच्या वार्षिक संख्येची मर्यादा नाही. तो ग्रीनकार्डधारक असेल, तर मर्यादा आहे आणि नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. तो एच-१बी व्हिसावर नोकरी करीत असेल, तर पत्नीच्या स्थलांतरासाठी अर्जच करू शकत नाही. पत्नी त्याच्यामागे एच-४ या अवलंबिताच्या व्हिसावर जाते आणि तिला तिथे सरसकट नोकरी करता येत नाही. तिन्ही मुले चांगली असू शकतात, पण तिन्ही लग्नांचा पुढचा प्रवास वेगळा. पासपोर्ट किंवा ग्रीनकार्डाची झेरॉक्स मागण्यात कसला अपमान? मुलीच्या पदवीचे प्रमाणपत्र ते मागतातच ना?

वाट कशी असते

पहिला अर्ज नवऱ्याने करायचा. त्याचे नाव आय-१३०. त्यासोबत आय-१३०ए हा फॉर्म पत्नीच्या माहितीचा असतो. हे अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे जातात. मंजुरीनंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे येते. तिथे दोन शुल्के भरायची, डीएस-२६० हा अर्ज संगणकावर भरायचा आणि सगळे दाखले स्कॅन करून पाठवायचे. कागद पूर्ण झाले की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. ही वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. या साऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागले तर नवल नाही.

आता खर्चाचा हिशेब. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने आय-१३० संगणकावरून भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदावर भरल्यास ६७५ डॉलर. व्हिसा अर्जाचे ३२५, हमीपत्राच्या तपासणीचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीनकार्ड तयार करण्याचे २३५. संगणकावरच्या अर्जाने एकूण १,३०५ डॉलर होतात. डॉक्टरी तपासणी, पासपोर्ट, प्रवास यांचा खर्च वेगळा. दर बदलत असतात, म्हणून भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजा दर पाहावा. एजंट यापेक्षा अधिक मागत असेल, तर कशाचे किती, हे लिहून मागा आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. "आत ओळख आहे" म्हणणाऱ्याला दारातूनच जयभीम करा.

जन्माचा दाखला

आपल्या घरांत खरी अडचण इथेच येते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तरी खेड्यात, वस्तीत घरी झालेल्या कितीतरी बाळंतपणांची नोंद झालीच नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकले आणि तीच जन्मतारीख झाली. अशा वेळी घाबरून खोटा दाखला करून घेऊ नये. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे रीतसर अर्ज करून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यावा. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे ठेवावीत. वर्ष उलटून गेल्यावर उशिरा नोंदणी करायची असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम साखरपुड्यापासूनच सुरू करावे.

दाखल्यावर मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईवडील दोघांची नावे हवीत. पूर्वी नाव न घालताच बाळाची नोंद होई. तसे झाले असेल, तर आधी नाव घालून घ्यावे.

एकच मुलगी, चार नावे

समजा मुलगी शाळेच्या दाखल्यावर 'सुजाता' आहे, रेशनकार्डावर 'सुजाताबाई' आहे, आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरे. आपल्याला ती एकच. टेबलापलीकडच्या परक्या अधिकाऱ्याला मात्र त्या चौघी वाटू शकतात. म्हणून पासपोर्ट समोर ठेवून बाकीचा प्रत्येक कागद अक्षर अक्षर ताडून पाहावा. चूक असेल तर ती ज्या कचेरीत झाली तिथेच दुरुस्त करून घ्यावी. किरकोळ फरकासाठी 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करावे. नावच बदलायचे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी. पासपोर्टवर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असावेत. एकच रकाना भरलेला असेल, तर अमेरिकेच्या कागदांत तेच आडनाव धरले जाते आणि नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची अक्षरे येतात. मग बँकेपासून गाडीच्या परवान्यापर्यंत सगळीकडे तेच पुढे चालते.

आणखी एक सांगतो. लग्नानंतर मुलीने नाव बदलावे अशी कायद्याची सक्ती नाही. सासरच्या हौसेपायी आधारकार्डावर नवे नाव, पासपोर्टवर जुने, बँकेत तिसरेच, असे अर्धवट काम करू नये. बदलायचेच असेल तर सगळीकडे बदला. नाहीतर माहेरचे नाव खुशाल राहू द्या, व्हिसा त्यामुळे अडत नाही.

लग्नाचा दाखला

विहारातून किंवा संस्थेकडून मिळालेले विवाहाचे प्रमाणपत्र आपल्याला प्रिय आहे आणि ते फाईलमध्ये जरूर लावावे. पण व्हिसासाठी सरकारी निबंधकाकडील नोंदणीचा दाखला हवा. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. शहरात महानगरपालिका-नगरपालिकेच्या आणि गावात ग्रामपंचायतीच्या पातळीवर ही नोंदणी होते. ९० दिवसांत नोंदणी करावी. तीन साक्षीदार लागतात. मुलगा परत जाण्याआधी दोघांनी मिळून हे काम उरकावे. तो विमानात बसला की सही कोणाची आणणार?

काही दाखल्यांवर 'हिंदू विवाह कायदा १९५५' असे शब्द दिसतात आणि आपली माणसे दचकतात, रागावतातही. राग समजण्यासारखा आहे. पण त्या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू केलेला आहे. त्यावरून मुलीचा धर्म बदलत नाही आणि व्हिसाही अडत नाही. नवरा दुसऱ्या धर्माचा असेल, तर मात्र विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करावे. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते. एवढ्या सुट्टीची सोय आधी करावी.

दोघांपैकी कोणाचेही आधी लग्न झालेले असेल, तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या फारकतीवर विसंबू नये. जावयाकडूनही हा कागद मागून घ्या. तो प्रश्न अधिकारी विचारणारच, मग आपण आधी का विचारू नये?

मराठीतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे. भाषांतर बरोबर आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने खाली लिहून सही करावी.

पोलीस, डॉक्टर आणि हमीपत्र

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. जुना राजकीय मोर्चा असो की शेजाऱ्याशी झालेले भांडण, नावावर गुन्हा नोंदला गेला असेल, तर कोर्टाच्या निकालाची प्रत काढून ठेवावी आणि विचारल्यावर खरे सांगावे.

डॉक्टरी तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. तिथे छातीचा एक्स-रे काढतात आणि लशींची नोंद पाहतात. आपल्या वस्त्यांत क्षयरोग काही नवा नाही. पूर्वी झाला असेल तर लपवू नका. उपचाराचे जुने कागद, एक्स-रे घेऊन जा. फोटोत शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा अहवाल यायला सुमारे ८ आठवडे लागतात. हा उशीर म्हणजे नकार नव्हे.

नवऱ्याने आय-८६४ नावाचे हमीपत्र द्यायचे असते. पत्नीला सरकारी मदतीवर जगावे लागणार नाही, ही ती हमी. त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडले तर दुसरा जामीनदार चालतो. या हमीपत्राची प्रत मुलीजवळ हवीच. कारण घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती सुमारे १० वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडेपर्यंत नवरा त्या कागदाने बांधलेला असतो. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तरच ती मध्ये संपते.

खोटे एक अक्षर नको

लग्न खरे आहे याचा पुरावा मागतात. लग्नाचे आणि पाहुण्यांसोबतचे फोटो, विमानाची तिकिटे, फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी, बँकेत किंवा विम्यात एकमेकांची लावलेली नावे, हे तारखेप्रमाणे लावावे. मुलाखतीत स्थळ कोणी आणले, लग्नाला कोण होते, नवरा काय काम करतो, असे साधे प्रश्न असतात. घोकून जाऊ नये, आठवून जावे.

एखादा एजंट वय कमी दाखवा, जुने लग्न लपवा, असे सुचवतो. त्याचे काय जाते? महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. माफीचा मार्ग आहे, पण तो अरुंद आणि खर्चिक. व्हिसासाठी बनावट लग्न केल्याचे ठरले, तर पुढे खऱ्या लग्नावरही अर्ज मंजूर होत नाही.

फाईल कोणाची?

लग्नाला दोन वर्षे होण्याआधी मुलगी तिथे पोहोचली, तर तिला दोन वर्षांचे सशर्त ग्रीनकार्ड मिळते. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज दोघांच्या सहीने करायचा असतो. काही नवरे ही सही धाकासारखी वापरतात. "सही करणार नाही, परत पाठवीन" असे धमकावतात. भगिनींनो, हे नीट लक्षात ठेवा. नवरा मारहाण, छळ करीत असेल किंवा खरे लग्न मोडले असेल, तर पत्नीला एकटीच्या सहीने हा अर्ज करता येतो. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवऱ्याने छळलेल्या पत्नीला आय-३६० हा अर्जही स्वतःच करता येतो. त्या देशात छळाविरुद्ध मदतीचा फोन १-८००-७९९-७२३३ हा आहे. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठीचा कक्ष २००९ पासून आहे.

म्हणून विमानात बसण्याआधी प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करा. एक मुलीजवळ, एक माहेरी, एक तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये. ईमेल तिचा, त्याचा पासवर्ड तिचा. प्रकरणाचा क्रमांक तिला पाठ हवा. पासपोर्ट आणि ग्रीनकार्ड सासूच्या कपाटात ठेवायचे नसते. अर्जावर सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचायची. इंग्रजी अडले तर विचारायचे, पण कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

मुलीला सोने किती घातले, हे वस्ती चार दिवस बोलते आणि विसरते. परक्या मुलखात अडचणीच्या वेळी तिच्या कामी येतात ते तिचे शिक्षण आणि तिचे कागद. पुढच्या रविवारी घरातली पत्र्याची पेटी खाली काढा. मुलीला जवळ बसवा आणि एकेक दाखला तिला स्वतःला वाचायला लावा.