फाल्यां येतंय, काकानू!

एप्रिलचा तिसरा आठवडा. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त कारकून सकाळपासून मोबाईल कानाला लावून बसलेले. पलीकडे रिंग जाते, पण उचलत कुणी नाही. अकराव्या खेपेला उचलला जातो आणि तोच परिचित, गोड आवाज येतो, ''फाल्यां येतंय, काकानू!''

फाल्यां म्हणजे उद्या. मालवणी मुलखात या शब्दाला पंचांग लागू नाही. आज सांगितलेलं 'फाल्यां' मे अखेरीला उजाडू शकतं, आणि मृग दारात येईपर्यंत उजाडलं नाही तर त्या वर्षी घर गळणार, हे नक्की!

मालवणजवळच्या गावात काकांचं चिऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे. घरात ऐंशीच्या पुढची विधवा काकू एकटी राहते. पुढे खळं, मागे पाच-सहा माड, एक फणस आणि कडेने ढासळत चाललेला दगडांचा गडगा. वर्षाला कामं तरी किती? पावसाआधी कौलं परतायची, माड साफ करायचे, गणपतीआधी गवत कापायचं, कधी न्हाणीघराचा पाइप, कधी विहिरीचा पंप. यादी लहान, पण माणूस मिळत नाही. मुंबई, पुणे, ठाणेच काय, बडोदा नि इंदूरला स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांतही मे महिन्याच्या सुट्टीचा बेत हल्ली एकाच प्रश्नावर अडतो, ''कौलांचा माणूस येणार आहे का?''

छपरावरची विद्या

कौलं परतणं हे काम वाटतं तितकं हलकं नाही. कोकणात पूर्वी कुंभारी नळे असत. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या लाल कौलांनी हळूहळू सगळा पश्चिम किनारा व्यापला. नळ्यांपेक्षा ती भक्कम, पण त्यांनाही दरवर्षी माणसाचा हात लागतोच. कौलाच्या पन्हळीत आंब्या-फणसाची पानं साचली की पाणी अडतं, उलटं चढतं आणि खाली रिपेवर उतरतं. रीप कुजली की कौल सरकतं. एक सरकलं की शेजारचं सैल होतं. त्यात वानरांची टोळी एकदा छपरावरून नाचत गेली की विचारायलाच नको.

म्हणून पावसाआधी एकेक कौल उतरवायचं, शेवाळ खरवडायचं, फुटकं बाजूला काढायचं, रिपा तपासायच्या आणि पागोळीकडून आढ्याकडे पुन्हा रचत जायचं. वर एक माणूस, खाली कौलं देणारा एक, निदान. वरच्याने पाय टाकायचा तो जिथे खाली वासा आहे तिथेच. मधोमध पडला की कौलासकट माणूस माजघरात! कौलाखाली विंचू निघतो तो वेगळाच. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बापाबरोबर छपरावर चढलेल्या मुलालाच ते येतं, आणि ती मुलं आता गोव्यात हॉटेलात आहेत, मुंबईत आहेत किंवा रिक्षा चालवतात. छपरावर उरला आहे तो पन्नाशी उलटलेला बाप.

त्या बापाची अडचणही समजून घ्यायला हवी. मार्च ते मे हा हापूसचा हंगाम. आंबा उतरवायला, पेट्या भरायला बागायतदारांना माणसं हवी असतात आणि ते सलग दोन-अडीच महिने रोज काम देतात. बागांच्या राखणीला नेपाळी गडी येतात, तरी हात अपुरेच पडतात. नेमक्या याच दिवसांत गावातल्या पंधरा-वीस घरांना आपलीच कौलं आधी परतून हवी असतात. बागायतदार वर्षभराचं गिऱ्हाईक, चाकरमानी चार दिवसांचा पाहुणा. आधी कुणाकडे जायचं, याचा हिशेब तो करतो आणि तो त्याच्या परीने बरोबरच असतो.

पूर्वी हा पेच वाडीत सुटायचा. आज तुझ्या घरावर, उद्या माझ्या घरावर, अशी सगळी वाडीच छपरावर चढत असे. पैशांऐवजी भाकरी-कालवण नि गप्पा. ज्याचं घर, त्याच्या घरातला माणूसही त्यात राबत असे. चाकरमान्याकडून राबणं गेलं आणि मागे उरला फक्त फोन. कोकणी माणूस आळशी, हे वाक्य दिव्याला ठाण्याच्या वाटेवर लोकलमध्ये बसून म्हणायला सोपं आहे.

वादळाने तर सगळंच उघडं पाडलं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत गेलं. एका दिवसात गावंच्या गावं उघडी पडली. सगळ्यांनाच कौलं हवीत, पत्रे हवेत, माणसं हवीत! अशा वेळी परगावी राहणाऱ्या मालकाचा नंबर शेवटी लागणार, हे ओघानेच आलं. त्यानंतर अनेकांनी कौलांचा नाद सोडला आणि लोखंडी सांगाडा उभारून वर रंगीत पत्रा टाकला. पत्रा उन्हात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो, पण दरवर्षी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. कोकणातली लाल छपरं निळी-हिरवी होत चालली, त्यामागे हौसेपेक्षा हे 'फाल्यां' अधिक आहे.

माडाखाली झोप नको

माडाची कथा याहून अवघड. माड महिनाआड-दीड महिन्याने पाडावा लागतो. नाही पाडला तर सुकलेला नारळ केव्हा कुठे पडेल, सांगता येत नाही. सुकलेलं चुडत छपरावर पडलं की पाच-सहा कौलांचा चुरा ठरलेला. शिवाय शेंडा साफ केला नाही तर गेंड्या भुंगा कोंब पोखरतो. काकूंच्या मागच्या दारचा एक माड असाच वाळून गेला. तेव्हापासून त्या दुपारच्या वेळी मागच्या पडवीत पाठ टेकत नाहीत.

पाडेली माडागणिक पैसे घेतो. मालकाला वाटतं, दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे? २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर रोजाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराच्या आधाराने पाडेलीशी घासाघीस करायला जाणाऱ्याने आधी माडाच्या बुंध्याशी उभं राहून एकदा वर पाहावं. चाळीस-पन्नास फुटांवरून हात सुटला की सगळा संसारच खाली येतो. पाडेलीच्या घरी मुलाला या कामाला पाठवायला आई तयार नसते, ती उगाच नव्हे.

केरळात हाच प्रश्न आधी आला. तिथे नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. पायात अडकवून पायरी-पायरीने वर जाण्याचं यंत्र, शेंडा साफ करण्याची पद्धत, कीड ओळखणं असं सगळं त्यात शिकवतात. मुलीही शिकल्या. चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची विमा योजनाही आहे. यंत्र कोकणातही दिसू लागलं आहे. ते गावातल्या चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर परवडतं, मात्र वाकड्या माडावर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि किनाऱ्यावर वाकडे माड थोडे नाहीत.

घरमालकाला एक गोष्ट मात्र लगेच करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं एवढीच मुख्य अट. छपरावर किंवा माडावर माणूस चढवण्याआधी त्याचा हा विमा आहे का, हे विचारावं, नसेल तर त्याला बँकेत घेऊन जावं. चहाच्या दोन कपांचा खर्च!

विसार आणि उधारी

तक्रारी दोन्हीकडे आहेत. काकांनी एका वर्षी सगळे पैसे आगाऊ पाठवले. माणूस आला, अर्धं छप्पर परतलं आणि दुसऱ्याच्या घरी निघून गेला. पुढच्या वर्षी त्यांनी एक पैसाही आधी दिला नाही, तर तो आलाच नाही. गवत कापायला मशीनवाला आणला, त्याने तासाचा हिशेब सांगितला, पेट्रोल वेगळं सांगितलंच नव्हतं. हळदीच्या वाफ्यावरूनही मशीन फिरवलं. काकू हातात काठी घेऊन धावल्या, तोवर हळद गेली होती.

आणि पलीकडचं ऐकलं तर? मुंबईकर फोनवर काम लहान सांगतात, आल्यावर वाढवतात. ''एवढा गडगाही लावून टाक रे!'' उरलेले पैसे गणपतीला देतो म्हणतात आणि गणपतीला येत नाहीत. दुपारी जेवायला विचारत नाहीत. शेवटचा मुद्दा पैशांपेक्षा जास्त लागतो.

जाणती घरं काय करतात? ती शिमग्यालाच माणूस ठरवतात, आंबा पिकण्याची वाट बघत नाहीत. छपराचं काम रोजावर न देता उक्तं देतात आणि पैशांचे तीन भाग करतात: सामानाला, निम्मं झाल्यावर, पूर्ण झाल्यावर. जादा कौलं शंभर-दोनशे पडवीत रचून ठेवतात, कारण जुन्या साच्याचं कौल नव्यात बसत नाही. शेजारच्या तीन-चार घरांची कामं एकत्र देतात म्हणजे माणसाला आठवडाभराची मजुरी एकाच वाडीत मिळते. आणि जून-जुलैत, काही काम नसताना, त्याला एक फोन करतात.

काका यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात गावी गेले. दहा दिवस वाट पाहिली. अकराव्या दिवशी परतीची कोकण रेल्वे गाठायला रिक्षा दारात उभी, आणि तेवढ्यात खांद्यावर शिडी घेऊन तो आला. बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू, तोही फक्त खालून कौलं द्यायला. काकांनी रागाने तोंड उघडलं, तोच काकू म्हणाल्या, ''रे, आधी चाय घे.''

काका गेले. रत्नागिरी मागे पडल्यावर त्यांच्या फोनवर फोटो आला. अर्धं छप्पर लालभडक, अर्धं शेवाळलेलं काळं, आणि खळ्यात बसून भाकरी खाणारी तीन माणसं. खाली निरोप होता, उरलेलं फाल्यां.