विषाणूचे नाव नवे, सावधगिरी जुनीच

जून २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती. बंद दुकानांची दारे पुन्हा उघडण्याची आशा निर्माण झाली असतानाच रत्नागिरीचे नाव देशभरच्या बातम्यांत झळकले. महाराष्ट्रात ‘डेल्टा प्लस’ या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण आढळल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केले. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ९ रुग्ण एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील होते. पुढे संगमेश्वर येथील ८० वर्षांच्या एका वृद्धेचा मृत्यू हा राज्यातील या प्रकाराचा पहिला बळी म्हणून नोंदला गेला. त्यांना अन्य व्याधीही होत्या.

नव्या नावाची भीती वाटणे स्वाभाविक असते. तथापि धोका नावावरून नव्हे, तर गुणांवरून जोखावा लागतो. विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. हाताने उतरवलेल्या खातेवहीत एखादा आकडा चुकावा, तशी त्या प्रतींत कोठेतरी चूक राहते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी विषाणूच्या पथ्यावर पडते. डेल्टा प्लसमध्ये मूळच्या डेल्टाच्या काटेरी प्रथिनात असाच एक बदल झाला होता.

रुग्णसंख्येचा अर्थ लावतानाही विवेक हवा. राज्यात सुमारे ७,५०० नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा हे २१ रुग्ण सापडले. ज्या वखारीची मोजदाद होते, तिथलीच तूट दिसते. न मोजलेली वखार पूर्ण भरलेली आहे, असे कोणी मानत नाही. पुढे डेल्टा प्लसने डेल्टाला मागे टाकले नाही. वर्षअखेरीस आलेला ओमिक्रॉन मात्र त्याहून कितीतरी वेगाने पसरला. कोणता प्रकार जोर धरील, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्येक प्रकाराला लागू पडणारी सावधगिरी महत्त्वाची ठरते.

असे विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे आणि बंद जागेत साचलेल्या हवेतून पसरतात. मालाची खोकी पुसण्यात तास घालवण्यापेक्षा दुकानाची मागची खिडकी उघडी ठेवणे अधिक हिताचे. ताप वा खोकला असलेल्या नोकराला पगार न कापता घरी पाठवावे. पगार कापला, तर तो आजार लपवून गल्ल्यावर येईल. आणि हा नियम मालकालाही तितकाच लागू आहे. गर्दीत नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क, साबणाने किमान २० सेकंद हात धुणे आणि वेळेवर लसीकरण, ही उरलेली त्रिसूत्री होय.

व्यापारी घराण्यांत एक जोखीम विशेष आहे. दुकान खाली आणि घर वर, अशी अनेकांची वास्तू असते. दिवसभर शेकडो ग्राहकांना भेटणारा मुलगा रात्री आजी-आजोबांच्या पंगतीत बसतो. संसर्ग तरुणाला साध्या सर्दीसारखा स्पर्शून जातो. वृद्धाच्या, मधुमेही वा हृदयरोगी व्यक्तीच्या मात्र जिवावर बेततो. म्हणून घरात कोणी आजारी पडल्यास त्याची खोली व जेवण वेगळे ठेवावे. वृद्धांचा श्वास जड होऊ लागला किंवा रक्तातील ऑक्सिजन घसरला, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नेहमीची औषधे घेणाऱ्यांनी आजारपणात उपवासाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती मनाने घेऊ नयेत.

दुकान चार दिवस बंद राहिल्याने होणारा तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. पंगतीतील रिकामी झालेली जागा मात्र कोणत्याही हंगामात भरून येत नाही. आपल्या श्वासातून दुसऱ्याच्या जिवाला अपाय होऊ नये, एवढी जाणीव घराघरांत राहिली, तर पुढच्या विषाणूचे नाव काहीही असो, त्याला सामोरे जाण्याची निम्मी तयारी आधीच झालेली असेल.