पळून आलेल्यांच्या साक्षीतला उत्तर कोरिया

उत्तर कोरियातील दैनंदिन जीवनाविषयी जगाला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग तेथून जीव मुठीत धरून निसटलेल्यांनी सांगितलेला आहे. आजवर सुमारे ३४ हजार जण दक्षिण कोरियात पोहोचले. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत.

त्यांच्या कथनानुसार माणसाचे भवितव्य ‘सोंगबुन’ ठरवते. पूर्वजांच्या निष्ठेवरून कुटुंबाची ‘निष्ठावंत’, ‘डळमळीत’ किंवा ‘शत्रू’ अशी वर्गवारी होते. शिक्षण, नोकरी, राजधानी प्योंगयांगमधील वास्तव्य, सारे त्यावरच अवलंबून असते. वस्तीतील घरांच्या प्रत्येक गटावर प्रमुखाची नजर असते. साप्ताहिक सभेत स्वतःच्या चुकांची कबुली द्यावी लागते आणि सहकाऱ्यांचे दोषही सांगावे लागतात. त्यामुळे पोलिसापेक्षा शेजाऱ्याचेच भय अधिक वाटते.

ही पकड सैल केली ती भुकेने. १९९०च्या दशकाच्या मध्यास सरकारी शिधावाटप कोलमडले आणि दुष्काळात लाखो माणसे दगावली. पुरुष सरकारी कामाच्या ठिकाणी बांधलेले होते. बाजारात उतरल्या त्या स्त्रिया. या बाजारांतूनच पुढे दक्षिण कोरियातील मालिका घरोघरी पोहोचल्या आणि सरकारी प्रचाराला तडे गेले.

सीमेवरची तुमेन किंवा यालू नदी ओलांडली तरी सुटका होत नाही. चीन या लोकांना निर्वासित मानत नाही, परत पाठवतो. मागे राहिलेल्या आप्तांनाही शिक्षा भोगावी लागते. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

या साक्षी पारखून घ्याव्या लागतात, हेही खरे. बहुतेक जण उत्तरेकडील सीमावर्ती प्रांतांतले आहेत. छळछावणीतून सुटलेले म्हणून गाजलेले शिन दोंग-ह्योक यांनी २०१५ साली आपल्या कथनातील काही तपशील चुकीचे असल्याचे मान्य केले. मात्र त्याआधीच, २०१४ साली, मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने ८० हून अधिक जणांच्या जाहीर साक्षी आणि सुमारे २४० गोपनीय मुलाखती घेऊन, तेथे मानवतेविरुद्ध गुन्हे घडत असल्याचा निष्कर्ष काढला होता. एखादी साक्ष डळमळली, म्हणून शेकडो साक्षी खोट्या ठरत नाहीत.

२०२० साली करोनाच्या निमित्ताने सीमा बंद झाली. दक्षिणेत २०१९ साली १,०४७ जण पोहोचले होते. २०२१ साली अवघे ६३. ही घट तेथील दुःख ओसरल्याची खूण नव्हे. ते सांगणारे आत अडकले, एवढाच तिचा अर्थ.