दुसऱ्या दिवसाची कळ

वेडेवाकडे दात सरळ करण्याकरिता तार आवळून घेतलेला मुलगा दवाखान्यातून हसतखेळत घरी येतो, रात्री पोळीचा पहिलाच घास चावताना थबकतो आणि दुसऱ्या दिवशी दाताला दात लागला तरी कळवळतो. तेव्हा डॉक्टरांनी तार फाजील आवळली, अशी तक्रार घरात सुरू होते. वस्तुतः ही कळ वेळापत्रकाबरहुकूमच येते. तार आवळल्यावर सुमारे ४ तासांनी आरंभ, २४ तासांच्या आगेमागे कळस आणि बहुधा आठवड्याच्या आत उतार.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो; त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरही न भरणारा, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त असा तंतुमय पडदा असतो. तार दाताला ज्या बाजूस रेटते तिकडे हा पडदा चेपला जातो, तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये उत्पन्न होतात, आणि तीच एकीकडे मज्जातंतूंना हळवे करून दुसरीकडे हाड कुरतडणाऱ्या पेशींना कामाला जुंपतात. विरुद्ध बाजूस मात्र नवे हाड भरत जाते. दुखणे आणि सरकणे यांचे दप्तर असे एकच! म्हणूनच, ही द्रव्ये अडवणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी दीर्घकाळ घेतल्यास दाताची चालही मंदावेल, या शंकेने पुष्कळ दंतवैद्य पॅरासिटामॉल पसंत करतात.

‘आणखी आवळा, म्हणजे लवकर सुटका होईल,’ असा तगादा लावणारे पालकही थोडे नाहीत. कार्ल सँडस्टेड या स्वीडिश संशोधकाने १९०४-०५ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर केलेले प्रयोग त्यांना ऐकवावेत : जोराच्या दाबाखाली पडद्यातील रक्तप्रवाह खुंटतो, तेवढा भाग निर्जीव होतो, आणि मागच्या बाजूने हाड पोखरले जाईपर्यंत दात जागचा हलत नाही. अतिरेकी जोराने मुदत घटत नाही.

घरचा बंदोबस्त साधा आहे. दोनतीन दिवस गुरगुट्या भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दातावर चिकटवलेले, तार धरणारे ब्रॅकेट गालाला घासत असेल तर त्यावर, ते कापसाने कोरडे करून, दवाखान्यात मिळणारे मेण वाटाण्याएवढे मळून दाबावे. चिक्की आणि ऊस दुखणे थांबल्यावरही वर्ज्यच, कारण ब्रॅकेट निखळले की उपचार लांबतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आणि आठवडा उलटूनही कळ ओसरली नाही, एकच दात ठणकत राहिला किंवा हिरडी सुजली, तर पुढल्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.