लाईट गेली तर सोलर चालेल का?

हल्ली गावोगावी घरांच्या छपरांवर काळ्या-निळ्या काचेची मोठमोठी तावदाने दिसू लागली आहेत. लोक त्यांना सोलरच्या प्लेटा म्हणतात. ऊन पडले की त्यांतून वीज निघते. 2024 सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू केली. तीत 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर 78,000 रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून प्लेटा बसवणारे वाढले, आणि विकणारेही वाढले.

विकणारा म्हणतो, “काका, आता नवीन मशीन आले आहे. लाईट गेली तरी तुमच्या घरात उजेड राहील.”

हे खरे की खोटे? खरेही आहे आणि खोटेही आहे. असे कोड्यात बोलायची आम्हांला हौस नाही. पण गोष्टच तशी आहे. ती नीट समजून घेऊ.

प्लेट वीज तयार करते. पण ती वीज विजेरीच्या सेलमधल्या विजेसारखी असते. ती एकाच दिशेने वाहते. घरातल्या तारेतली वीज तशी नसते. ती एका सेकंदात 50 वेळा पुढे जाते आणि मागे येते. पंखा, फ्रीज, मिक्सर हे सगळे तिच्यावर चालतात. म्हणून प्लेटांची वीज घरच्या विजेसारखी करून घ्यावी लागते. हे काम जी पेटी करते, तिला इन्व्हर्टर म्हणतात. ती भिंतीवर टांगलेली असते. छपरावरच्या प्लेटांकडे सगळे माना वर करून बघतात. या पेटीकडे कोणी बघत नाही. पण लाईट गेल्यावर घरात उजेड की अंधार, ते ही पेटीच ठरवते.

आता लेझीम आठवा. हलगी वाजते, तिच्या ठेक्यावर गडी लेझीम खेळतात. हलगी थांबली की खेळ थांबतो. साधा सोलर इन्व्हर्टर असाच लेझीम खेळणारा गडी आहे. खांबावरून येणारी वीज ही त्याची हलगी. तिचा ठेका ऐकून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. लाईट गेली की ठेका बंद, आणि दोन सेकंदांच्या आत हा गडीही गप्प बसतो. बाहेर लख्ख ऊन असते, प्लेटा तापलेल्या असतात, आणि घरात मात्र पंखा बंद!

2019 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हेच झाले. तारांमुळे वणवे पेटू नयेत म्हणून तिथल्या वीज कंपनीने लाखो लोकांची वीज बंद ठेवली. छपरावर प्लेटा असलेली कित्येक घरेसुद्धा इतरांसारखीच अंधारात बसली. आपल्या प्लेटा अशा वेळी चालत नाहीत, हे पुष्कळांना तेव्हाच कळले.

मग ही पेटी मुद्दाम बंद का पडते? तो तिचा दोष नव्हे. समजा, वादळात तार तुटली. वायरमन खांबावर चढला. लाईन बंद आहे असे त्याला वाटते. अशा वेळी तुमच्या छपरावरची वीज घरातून बाहेर गेली तर काय होईल? ती उलटी डीपीत शिरेल. डीपी जशी 11,000 व्होल्टची वीज उतरवून 230 व्होल्टची करते, तशीच उलट बाजूने ती चढवतेही. म्हणजे तुमची 230 व्होल्टची वीज वरच्या तारेत 11,000 व्होल्टची होऊन जाईल. खांबावरच्या माणसाचा जीव जाईल. म्हणून लाईट गेली की साध्या इन्व्हर्टरने बंद पडलेच पाहिजे, असा नियम आहे. कोणी मिस्त्री म्हणाला, “हा नियम बाजूला सारून लाईन चालू करून देतो,” तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा.

आता नवे यंत्र. त्याला हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात. लाईट गेली की ते आधी घर बाहेरच्या तारेपासून तोडते. एक टिचकी वाजते, घर वेगळे होते. मग ते स्वतःच हलगी वाजवू लागते. वीज बाहेर जात नाही, वायरमनला धोका नाही, आणि घरात दिवा लागतो. विकणाऱ्याचे बोलणे इथवर खरे आहे.

पण या यंत्राला बॅटरी लागते. ऊन काही तुमच्या पंख्याला विचारून पडत नाही. ढग आला की वीज निम्मी होते आणि रात्री ती नसतेच. म्हणून पाण्याच्या टाकीसारखी विजेची टाकी हवी. 2021 साली एनफेज या अमेरिकी कंपनीने प्रत्येक प्लेटेमागे बसणारा एक लहान इन्व्हर्टर आणला. घर तोडणारी पेटी जोडीला असेल तर तो दिवसा बॅटरीशिवायही थोडी वीज पुरवतो. युक्ती छान आहे. पण पुरवठा उन्हाइतकाच, आणि सूर्य मावळला की तोही मावळतो. आपल्याकडे लाईटची खरी ओढ रात्रीची असते.

बॅटरी किती दिवस पुरेल, याचा हिशेब पाटीवर मांडून बघा. 9 वॅटचे 4 दिवे म्हणजे 36 वॅट. 75 वॅटचे 2 पंखे म्हणजे 150. टीव्हीचे 64 धरा. एकूण 250 वॅट झाले. म्हणजे तासाला पाव युनिट. बॅटरी 5 युनिटांची असेल तर 20 तास निघतील. थोडी वीज यंत्रातच खर्ची पडते, म्हणून 16-17 तास धरा. हे पुष्कळ झाले! पण कोणी 2000 वॅटचा गीझर लावला, तर तीच बॅटरी अडीच तासांत रिकामी. विहिरीवरचा पंप तर सुरू होतानाच नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. लहान यंत्र तिथे मान टाकते. “सगळे घर चालेल” असे कोणी म्हणाले की गीझर आणि पंप यांचे नाव काढून विचारा.

पावसाळ्याचेही ध्यानात घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. खांब आडवे झाले. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी घरात चार दिवे जळणे ही फार मोठी गोष्ट. पण 3 किलोवॅटच्या प्लेटा लख्ख उन्हात दिवसाला 12 युनिटे देतात, आणि दाट ढगांत त्या चौथाईवरही येतात. तेव्हा वादळानंतर काटकसरीने राहावे लागते. आणखी एक गोष्ट. रात्री बॅटरी पार संपली, तर सकाळी नुसत्या उन्हावर यंत्र पुन्हा सुरू होते का? काही होतात, काही होत नाहीत.

खर्चाचे काय? बॅटरीने खर्च बराच वाढतो, आणि वर सांगितलेले अनुदान प्लेटांच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीवर नाही. शिशाची बॅटरी स्वस्त, पण तिला पाणी घालावे लागते आणि ती तीन ते पाच वर्षे टिकते. लिथियमची महाग, पण दहा वर्षांच्या आसपास जाते. तुमच्याकडे लाईट महिन्यातून एकदा तासभर जात असेल, तर आमच्या मते हा खर्च करू नये. साधा इन्व्हर्टर बसवा आणि बिल कमी करा. जिथे रोज चार-सहा तास लाईट जाते, घरात आजारी माणूस आहे, दुकानात फ्रीज आहे, तिथे गोष्ट वेगळी. तिथे बॅटरीचे पैसे अंगी लागतात.

आता तुम्हांला वाचता येते. कोटेशनचा कागद स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत लिहून मागा. ‘ऑन-ग्रिड’ असे लिहिले असेल तर लाईट गेल्यावर सोलरही बंद. ‘हायब्रिड’ लिहिले असेल तर बॅटरी किती युनिटांची आणि तिची गॅरंटी किती वर्षांची, ते बघा. प्लेटांची गॅरंटी बहुधा 25 वर्षांची असते, पण इन्व्हर्टरची पाच ते दहा वर्षांचीच असते. तो मध्ये एकदा बदलावा लागेल, हे धरून चाला. बॅटरीवर घरातले कोणते दिवे आणि कोणते प्लग जोडणार, तेही लिहून घ्या. सगळे घर क्वचितच जोडतात.

काम पुरे झाले की बसवणाऱ्याला समोर उभे करा. बाहेरून येणाऱ्या लाईनचे मेन स्विच त्याच्याच हातून बंद करवा. काय जळते, काय विझते, ते खोल्या-खोल्यांतून फिरून बघा. सही त्यानंतर.