गुणपत्रिका आणि गणवेश

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात माझ्या चुलतभावाचा नातू गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे पाया पडावयास आला. सोबत त्याचे वडील, काका आणि आजी, म्हणजे माझ्या वहिनी, होत्या. गुण एक्क्याऐंशी टक्के. पेढे झाले, चहा झाला आणि अकरावीच्या प्रवेशाचा विषय निघाला. खरे तर आमच्या घराण्यात हा विषय चर्चेचा नसतोच. दाणाबाजारातील पेढी तीन पिढ्यांची; मुलगा वाणिज्य शाखेला जायचा, पुढे जमले तर सी.ए., नाही तर गादीवर बसायचे, हे ठरलेलेच. परंतु या मुलाने खाली मान घालून सांगितले, "आजोबा, मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे."

त्यावर त्याचे वडील म्हणाले, "एक्क्याऐंशी टक्के मिळवून सैन्यात? तिकडे कमी गुणांची मुले जातात." काकांनी लगेच पुस्ती जोडली, "आणि अधिकारी व्हायला पंच्याण्णवच्या पुढे लागतात. तुझे काम नाही ते." एकाच बैठकीत, एकाच मुलाविषयी, दोन सख्ख्या भावांनी नेमकी उलट मते दिली, आणि ती एकमेकांना छेदतात हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. वहिनी मात्र काहीच बोलल्या नाहीत. अकरावीचा अर्ज भरण्यास मोजके दिवस उरले होते. "मी चौकशी करून सांगतो," असे म्हणून मी ते काम अंगावर घेतले. छत्तीस वर्षे बँकेची परिपत्रके वाचण्यात गेली असल्याने सरकारी जाहिरातींच्या भाषेची मला धास्ती वाटत नाही.

वाचता वाचता प्रथम हे उमगले की, 'सैन्यात जाण्यास किती टक्के लागतात' हा प्रश्नच चुकीचा आहे. सैन्याला दरवाजे अनेक आहेत आणि प्रत्येक दरवाजाचा उंबरठा निराळा आहे.

बारावीनंतर अधिकारी होण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अर्थात एनडीए. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. तीत उत्तीर्ण होणाऱ्यांना सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे, पाचारण करतात. तेथेही ९०० गुण. या १८०० गुणांवर अंतिम यादी लागते. या बेरजेत दहावी-बारावीच्या टक्केवारीला एकही गुण नाही. बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, पण किती टक्क्यांनी, याची अट नाही. बारावीला पंचावन्न टक्के मिळवणारा आणि पंच्याण्णव टक्के मिळवणारा, दोघेही त्या परीक्षेला शून्यापासून बसतात. एका सत्रात सुमारे ४०० जागा असतात आणि परीक्षेला बसणारे काही लाख असतात, हे मात्र विसरता कामा नये.

म्हणजे काकांचे म्हणणे चूक ठरले. पण गुण गौण असले तरी विषय गौण नाहीत, आणि व्यापारी घरांतील मुले नेमकी येथेच अडतात. एनडीएच्या भूदल शाखेसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदल या शाखांसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागते. त्यामुळे वाणिज्य शाखा घेतली की तीनपैकी दोन दारे सोळाव्या वर्षीच मिटतात. उरलेल्या भूदलासाठीही ३०० गुणांची गणिताची प्रश्नपत्रिका तीच असते. १२० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात, आणि पातळी अकरावी-बारावीच्या गणिताची. आपल्याकडे कित्येक मुले वाणिज्य शाखेत गणित सोडून चिटणीसाची कार्यपद्धती घेतात, कारण ते सोपे जाते. ती निवड कोणत्या शिक्षकाने सुचवली, हे दोन वर्षांनी कोणाला आठवतही नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते, हेही मराठी माध्यमाच्या मुलांनी आधीच जाणून असावे.

वय हा दुसरा खरा उंबरठा. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढाच अवधी. 'आधी पदवी होऊ दे, मग पाहू,' असे म्हणणाऱ्या वडिलांनी एनडीए हा शब्द यादीतून खोडून टाकावा. पदवीनंतर सीडीएस परीक्षेचा मार्ग उरतो. त्यात चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताची प्रश्नपत्रिका नसते, म्हणून बी.कॉम. झालेल्यांना तो सोयीचा. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीची संधी मिळते. महाविद्यालयात एनसीसी म्हणजे वेळेचा अपव्यय समजणाऱ्या पालकांनी एवढे एक वाक्य तरी कापून ठेवावे.

आता टक्केवारी जेथे खरोखर मोजली जाते त्या दारांकडे वळू. भूदलाच्या टेक्निकल एंट्री स्कीममध्ये लेखी परीक्षा नसते. परंतु बारावीला भौतिक, रसायन व गणित मिळून किमान ६० टक्के लागतात आणि जेईई मेन्स दिलेली असावी लागते. नौदलाच्या बारावीनंतरच्या बी.टेक. प्रवेशासाठी याच तीन विषयांत ७० टक्के, शिवाय दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. दहावीच्या इंग्रजीकडे 'पास झालो म्हणजे झाले' अशा नजरेने पाहणाऱ्यांना ही अट पुढे आठवण करून देते.

जवान म्हणून जाणाऱ्यांसाठी २०२२ च्या जूनपासून अग्निपथ योजना आहे. सामान्य कर्तव्य या पदासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. तांत्रिक पदासाठी विज्ञान शाखेची बारावी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. आमच्या मंडळींना कुतूहल वाटावे असे पद म्हणजे लिपिक व भांडारपाल. कोणत्याही शाखेची बारावी चालते; मात्र एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, आणि इंग्रजीत तसेच गणित, अकाउंट्स किंवा बुक-कीपिंग यांपैकी एकात ५० गुण हवेत. जमाखर्चाच्या विषयाला सैन्याच्या जाहिरातीत मानाचे स्थान पाहून माझ्यासारख्या एम.कॉम. माणसाला अंमळ समाधान वाटले, हे कबूल करतो. हवाई दलातील अग्निवीरासाठीही विज्ञानेतर शाखा चालते. एकूण ५० आणि इंग्रजीत ५० टक्के हवेत.

या योजनेचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, कारण घरी हा प्रश्न हमखास येतो. मासिक मोबदला पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यातील ३० टक्के निधीत कापले जातात. चार वर्षांत स्वतःची कपात ५ लाख २ हजार रुपयांच्या आसपास होते. सरकार तेवढीच रक्कम घालते आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त हाती येतात. आवर्ती ठेवीच्या दृष्टीने व्यवहार उत्तम. ठेवीदाराच्या वाट्याची रक्कम बँकेने दुप्पट केल्याचे मी माझ्या नोकरीत कधी पाहिले नाही. परंतु चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच जवान नियमित सेवेत घेतले जातात आणि निवृत्तिवेतन बाकीच्यांना नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत येणाऱ्या मुलाच्या हाती बारा लाखांहून थोडे कमी रुपये आणि शिस्त असते. त्यापुढे काय, याचा विचार दहावीच्या ४५ टक्क्यांवर भरती होणाऱ्याने भरतीपूर्वीच करावयास हवा. पेढी असलेल्या घरात ते भांडवल कामी येईल, भूमिहीन मजुराच्या घरात त्याच रकमेचा अर्थ वेगळा असतो.

मुलींविषयीही दोन शब्द, कारण हा अंक घरातील मुलीही वाचतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात ती खडकवासल्याहून बाहेर पडली. महाराष्ट्रात मुलांसाठी संभाजीनगरची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी नाशिकला तशी संस्था आता सुरू झाली आहे. दोन्हींचा प्रवेश दहावीच्या वर्षीच ठरतो.

मग गुणपत्रिका अगदीच निरुपयोगी का? तसे नव्हे. एसएसबीमध्ये पाच दिवस जातात. मानसशास्त्रीय चाचण्या होतात, मैदानावरील गटकार्ये होतात आणि दीर्घ मुलाखत होते. त्यापूर्वी उमेदवाराकडून वैयक्तिक माहितीचा एक तक्ता भरून घेतात. त्यात दहावी-बारावीचे गुण लिहावे लागतात, वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, छंद, पार पाडलेल्या जबाबदाऱ्या लिहाव्या लागतात. मुलाखत घेणारा अधिकारी त्या तक्त्यावर बोट ठेवून विचारतो. दहावीला अठ्ठ्याऐंशी होते, बारावीला एकसष्ट कसे? कमी गुणांनी कोणी बाद होत नाही; त्या घसरणीला खोटे कारण दिले तर मात्र पंचाईत होते. आमच्या परिचयातील एका मुलाने तेथे वडिलांचा व्यवसाय 'किराणा' असा लिहिला आणि विषय टाळण्याचा प्रयत्न केला. अधिकाऱ्याने दुकानाची रोजची उलाढाल किती, उधारी कशी वसूल होते, दिवाळीत माल किती दिवस आधी भरता, असे विचारले. दहा वर्षे त्याच दुकानात वावरलेल्या मुलाला एकाचेही धड उत्तर देता आले नाही. दुसऱ्या खेपेस तो तयारी करून गेला आणि वडिलांच्या आजारपणात दुकान आपण एकट्याने कसे चालवले ते त्याने सांगितले. तो आज गणवेशात आहे.

चौकशीचा वृत्तान्त ऐकवावयास मी गेलो तेव्हा वहिनी प्रथमच बोलल्या. "भाऊजी, गुणांचे राहू द्या. आपल्या घरातला मुलगा हातात बंदूक घेणार?" हा प्रश्न टक्केवारीहून अवघड होता. मी शास्त्री नाही. एवढेच सांगितले की, श्रावकाच्या हिंसेचे आपल्याकडे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसा त्याने सर्वथा टाळायची आहे, आणि रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा निराळी गणली आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा गंगांचा सेनापती होता. वहिनींनी ऐकून घेतले. मग विचारले, "आणि जेवण?" शाकाहारी भोजन मिळते, पण चौविहार आणि कंदमुळांचा त्याग प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात पाळला जाईल, याची हमी मला देता आली नाही, आणि मी दिलीही नाही. त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला एवढेच सांगितले की, जे पाळता येईल ते पाळ आणि जे सुटेल ते मला कळव, लपवू नकोस.

वडिलांनी विज्ञान शाखेला संमती दिली. गणितात मागे पडलास तर बारावीनंतर पेढीवर यायचे, या अटीवर. मुलाने ती मान्य केली. सायंकाळी तो गल्ल्याशेजारी बसून गणिते सोडवतो आणि पोती मोजण्याची वेळ आली की वही मिटतो.

एक काम मात्र मी तातडीने करावयास लावले. संघ लोकसेवा आयोग जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरूनच मान्य करतो आणि नंतरची दुरुस्ती ऐकून घेत नाही. बँकेत निवृत्तिवेतनाच्या टेबलावर असताना नावातील एका अक्षरापायी माजी सैनिकाच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी महिनोन्महिने खेटे घालताना मी पाहिले आहे. आपल्या समाजात तर आडनाव दुकानाच्या पाटीवर एक, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरे असते. या मुलाची गुणपत्रिका मी प्रथमच नीट न्याहाळली. जन्मतारीख बरोबर होती. वडिलांच्या नावात मात्र 'लाल' गळलेले होते, आणि आधारवर ते होते. बापलेकाला घेऊन मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो आणि मंडळाकडे पाठवावयाचा दुरुस्तीचा अर्ज कारकुनाच्या हाती दिला. पोच घेतली, तिची छायाप्रत काढली आणि मूळ पोच वडिलांना तिजोरीत ठेवावयास सांगितली.