वाळूला हात न लावता

मागच्या पावसाळ्यात माझा तीन महिन्यांचा डेटा एका प्रश्नात गेला. गाईड मॅडमनी आलेख बघितले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गोळा टाकायच्या आधी वाळू सपाट कशी करत होतीस?"

"पट्टीने."

"आणि दाबत होतीस का?"

दाबत होते. थोडीशीच. कधी जास्त, कधी कमी, मूडप्रमाणे म्हणा ना!

माझं काम दाणेदार पदार्थांवर आहे. म्हणजे वाळू, धान्य, खडी, औषधाच्या गोळ्या वगैरे. प्रयोग दिसायला अगदी सोपा: काचेच्या भांड्यात वाळू घ्यायची, ठरावीक उंचीवरून स्टीलचा गोळा सोडायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. पण भांड्यातल्या एकूण जागेपैकी किती जागा खुद्द दाण्यांनी व्यापली आहे, यावर उत्तर ठरतं. गोल दाणे सैलसर ओतले तर हे प्रमाण साधारण 55 टक्के असतं, ठोकून ठोकून बसवले तर 64 टक्क्यांच्या आसपास जातं. फरक एवढाच, पण सैल वाळूत गोळा भस्सकन आत जातो आणि घट्ट वाळूत वरच्यावर अडतो. मी पट्टीने दर वेळी वेगळी वाळू तयार करत होते आणि वहीत मात्र एकच वाळू लिहीत होते.

त्या सोमवारी लॅबमध्ये जायची इच्छा नव्हती. माझा मामेभाऊ एका गोल्फ कोर्सवर कॅडी आहे. तिथे सोमवारी कोर्स सभासदांना बंद असतो आणि कॅडींना खेळायला मिळतं. तो म्हणाला, "चल ताई, तुला तुझी वाळू दाखवतो." गेले. ग्रीनच्या कडेला खोलगट खड्डा, त्यात पांढुरकी वाळू, वाळूत चेंडू. सवयीप्रमाणे मी वाकून मूठभर वाळू उचलायला गेले, तर हा ओरडलाच, "हात नको लावू! खेळत असतीस ना, तर दोन स्ट्रोक गेले असते."

मी तिथेच थांबले. मॅडमनी आठवडाभर जे समजावलं ते या खेळाच्या नियमपुस्तकात छापलेलंच होतं. घरी येऊन ते पुस्तक वाचून काढलं. तुम्ही गोल्फ खेळत नसाल (मीही खेळत नाही), तरी संशोधनाच्या तयारीत असाल तर बंकरचा नियम वाचण्यासारखा आहे.

आधी थोडी ओळख. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितकं चांगलं. मोठ्या स्पर्धेत चार दिवस खेळून विजेता एका फटक्याने ठरतो, त्यामुळे दोन फटक्यांचा दंड म्हणजे खूप झाला. बंकर म्हणजे मुद्दाम तयार केलेला वाळूचा भाग, बहुधा खड्डाच. त्याच्यासाठी नियम क्रमांक 12 आहे. चेंडू बंकरमध्ये असताना, फटका मारण्याआधी काय करायचं नाही? वाळू कशी आहे हे अजमावायला हाताने, क्लबने, रेकने किंवा आणखी कशाने तिला मुद्दाम स्पर्श करायचा नाही. चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब वाळूला टेकवायचा नाही. सरावाचा झोका घेताना क्लब वाळूला लागता कामा नये आणि खरा फटका मारताना क्लब मागे नेतानाही नाही.

इथे एक बारकावा बघा. पहिल्या मनाईत "मुद्दाम" आहे, बाकीच्यांत हेतूचा प्रश्नच नाही. चेंडूमागे क्लब टेकला की टेकला. म्हणजे नियम करणाऱ्यांनी जिथे हेतू ओळखता येतो तिथे हेतू विचारलाय, आणि जिथे ओळखता येणार नाही तिथे सरळ कृतीच मोजलीय. प्रश्नावली बनवणाऱ्या समाजशास्त्राच्या मित्रमैत्रिणींनी हे दोनदा वाचावं.

बाकी नियम तसा दिलदार आहे. 2019 पासून बंकरमधली सुटी पानं, काड्या, खडे उचलता येतात, त्याआधी तेही चालत नव्हतं. तोल जात असेल तर क्लबवर टेकून उभं राहता येतं. रागाच्या भरात वाळूवर क्लब आपटला तरी एरवी दंड नाही! (फटक्याची जागा त्याने सुधारली नाही म्हणजे झालं.) अगदीच जमत नसेल तर चेंडू "खेळण्याजोगा नाही" असं जाहीर करून दोन फटक्यांच्या दंडावर बंकरबाहेर येऊनही खेळता येतं. फक्त होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे जावं लागतं.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची सवलत पायांची आहे. उभं राहण्यासाठी पाय वाळूत वाजवी इतपत रोवायला परवानगी आहे. भाऊ दाखवत होता: बूट डावीउजवीकडे घुसळत तो जरासा खाली बसला आणि म्हणाला, "वर कोरडी आहे, दोन बोटं खाली ओली लागतेय." हाताने बघायची बंदी, पण पायाला जे कळेल ते तुमचं. वाळू अजमावणं हा कौशल्याचाच भाग आहे म्हणून तो नियमाने पूर्ण बंद केलेला नाही. मात्र ज्या जागेवर प्रयोग करायचाय ती जागा सोडून बाजूला बघा, असं सांगितलंय.

आता एवढी काळजी वाळूची का, चेंडूची का नाही? कारण ग्रीनजवळच्या नेहमीच्या बंकर फटक्यात क्लब चेंडूला लागतच नाही. मला हे माहीत नव्हतं. क्लब चेंडूच्या साधारण चार-पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकत जातो आणि पुढे बाहेर पडतो. मधली वाळू उडते आणि चेंडूला घेऊन जाते. चेंडूचं वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, उडणारी वाळू बघाल तर ओंजळभर. एवढ्या दाण्यांच्या आपसातल्या टकरांमध्ये बरीचशी ऊर्जा जिरून जाते. म्हणून तर झोका भलामोठा दिसतो आणि चेंडू मात्र अलगद दहा-बारा मीटरवर जाऊन टेकतो. नवशिके इथेच फसतात. चेंडू जवळच टाकायचाय म्हणून हात आखडता घेतात, क्लब वाळूत रुततो आणि चेंडू जागचा हलत नाही.

उभं राहण्याची पद्धत अशी: चेंडू पुढच्या पायाच्या बाजूला, भार त्याच पायावर जरा जास्त, क्लबचा चेहरा उघडा म्हणजे आकाशाकडे वळवलेला. आणि झोका मध्येच थांबवायचा नाही, पूर्ण करायचा. चेहरा उघडायचं कारण कळायला क्लबचा तळ बघावा लागतो. सँड वेज नावाच्या क्लबला खाली फुगीर पोट असतं. तो सरळ टेकवला तर पुढची धार किंचित अधांतरी राहते आणि पोट जमिनीला लागतं. या तिरकेपणाला बाउन्स म्हणतात, सँड वेजला तो बहुधा 10 ते 14 अंश असतो. चेहरा उघडला की पोट आणखी पुढे येतं. मग क्लब सुरीसारखा खाली न घुसता, पाण्यावर चपटा दगड सरकावा तसा वाळूवरून सरकतो.

वाळूत जितकं खोल जावं तितका विरोध झपाट्याने वाढतो. वरच्या दाण्यांचं ओझं खालच्यांवर असतं ना. धारेने खणणाऱ्या क्लबचा कोन जरा चुकला की खोली वाढते, खोली वाढली की विरोध वाढतो आणि फटका संपतो. पोट असलेला क्लब खोल जायला लागला की वाळूच त्याला वर ढकलते. त्यामुळे तुम्ही चार सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटर मागे मारलंत तरी चेंडू बाहेर येतो, थोडा आधी टेकतो इतकंच. वाळूबद्दल तुम्हाला पूर्ण माहिती मिळणार नाही हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. नियम म्हणतो मोजू नका, हत्यार म्हणतं ठीक आहे, थोडं चुकलं तरी सांभाळून घेईन. प्रयोग आखताना आपण सगळं लक्ष अचूक मोजण्यावर देतो. मोजता येत नाही त्या गोष्टीचा परिणाम कमी होईल अशी मांडणी करणं हा दुसरा रस्ता आपल्याला उशिरा सुचतो. मला तरी तीन महिने उशिरा सुचला.

या पोटाचं श्रेय बहुतेक वेळा जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूला दिलं जातं. त्याच्याआधी वाडग्यासारख्या खोलगट चेहऱ्याचा वेज निघाला होता, तो 1931 मध्ये बेकायदा ठरला. साराझेनने आपल्या जुन्या क्लबच्या तळाला शिशाचा थर डाग देऊन चढवला आणि तो घासत, मारून बघत बसला. विमानाच्या उड्डाणावरून ही कल्पना सुचली असं तो सांगायचा. 1932 ची ब्रिटिश ओपन त्याने याच क्लबने जिंकली. स्पर्धेआधी कुणी बघून बंदी घालू नये म्हणून तो क्लब बॅगेत उलटा ठेवायचा, हेही त्यानेच पुढे सांगितलेलं. पेटंटच्या आधी पोस्टर दाखवू नये, असं आमचे सिनिअर सांगतात त्याची आठवण झाली.

पण हे पोट सगळीकडे उपयोगाचं नाही. ओल्या, घट्ट वाळूत तेच उलटं पडतं. घट्ट बसलेल्या दाण्यांना सरकायचं असेल तर आधी एकमेकांवर चढावं लागतं, म्हणजे जागा जास्त लागते. हे ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये दाखवलं. तुम्हीही पाहिलंय: समुद्रावर ओल्या वाळूत पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. दाणे फाकतात आणि वरचं पाणी मधल्या फटींत उतरतं. अशी वाळू पसरायला नकार देते, क्लब तिच्यावरून उसळतो आणि थेट चेंडूवर आदळतो. चेंडू ग्रीनपार! म्हणून तिथे चेहरा कमी उघडायचा. आणि चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल (याला "फ्राइड एग" म्हणतात, दिसतोही तसाच) तर चेहरा सरळ किंवा थोडा बंद करून धारेनेच खणायचं. तिथे खोल जाणंच हवं असतं.

चेंडू गाडला जाईल की नाही हे दाण्यांवर ठरतं. बंकरच्या वाळूत बहुतांश दाणे 0.25 ते 1 मिलिमीटरचे असावेत अशी अमेरिकेतल्या यूएसजीए या संघटनेची शिफारस आहे. शिवाय वाळूत एक टोक दाबून ती किती विरोध करते हेही मोजतात. गोल, एकसारखे दाणे एकमेकांवरून घसरतात, तिथे चेंडू रुततो. कोनेदार दाणे एकमेकांत अडकून धरतात. म्हणजे आमच्या लॅबमधला प्रयोगच, फक्त गोळ्याऐवजी चेंडू.

आता दोन प्रसंग सांगते. संशोधनात व्याख्या आणि मोजमाप यांवरून किती काय अडतं ते यातून दिसतं.

2010 ची पीजीए चॅम्पियनशिप, विस्कॉन्सिनमधलं व्हिसलिंग स्ट्रेट्स. या कोर्सवर हजाराच्या आसपास बंकर आहेत असं म्हणतात, आणि त्यातले कित्येक प्रेक्षक उभे राहतात त्या भागात. डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर एकाने पुढे होता. त्याचा चेंडू गर्दीत, तुडवलेल्या वाळूच्या एका तुकड्यावर गेला. त्याने क्लब चेंडूमागे वाळूला टेकवला आणि फटका मारला. प्ले-ऑफला पोहोचलो असं त्याला वाटत असतानाच त्याला सांगण्यात आलं की तो बंकर होता. त्या होलवरचे 5 फटके 7 झाले, प्ले-ऑफ हुकला आणि तो संयुक्त पाचव्या क्रमांकावर गेला. लोक तुडवत असोत वा नसोत, बंकर म्हणून बांधलेला वाळूचा प्रत्येक भाग बंकरच धरला जाईल, असं खेळाडूंना आधीच लेखी दिलेलं होतं. जॉन्सनचे डोळे सांगत होते ही नुसती तुडवलेली वाळू आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण व्याख्या कागदावर होती आणि ती दिसण्यावर अवलंबून नव्हती.

दुसरा प्रसंग 2016 च्या यूएस विमेन्स ओपनचा. प्ले-ऑफच्या दुसऱ्या होलवर ॲना नॉर्डक्विस्ट बंकरमधून खेळली. क्लब मागे नेताना वाळूचे मोजके दाणे हलले. तिला कळलं नाही, आजूबाजूच्यांनाही नाही. जवळून घेतलेल्या व्हिडिओत दिसलं. ती पुढचं होल खेळत असताना दोन फटक्यांचा दंड सांगितला गेला, आणि ब्रिटनी लँग जिंकली. नियम पाळला गेला हे खरं, पण कोणत्या भिंगातून? कॅमेरा आणखी चांगला असता तर आणखी कितीतरी खेळाडूंनी दाणे हलवलेले दिसले असते, आणि कॅमेरा तर आघाडीवर असणाऱ्यांच्याच मागे असतो. एप्रिल 2017 मध्ये नियमसंस्थांनी ठरवलं की नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं असं काही व्हिडिओत दिसलं, तर त्यावरून दंड नाही. हा निर्णय मला जॉन्सनच्या निकालापेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो. मोजायचं साधन सुधारलं म्हणून मर्यादा आपोआप बदलत नाही, ती कुणीतरी बसून ठरवावी लागते.

आमच्या भांड्याचं काय झालं? पट्टी कपाटात गेली. आता तळाच्या जाळीतून हवा सोडते, वाळू उकळल्यासारखी हलते, हवा हळूहळू बंद केली की ती आपली आपण सैल बसते. घट्ट हवी असेल तर भांड्याला बाहेरून मोजून टिचक्या. वाळूचं वजन ठाऊक आहे, काचेवरच्या खुणेवरून उंची वाचते, भागाकार केला की दाण्यांनी किती जागा व्यापली ते कळतं. वरच्या थराला बोटसुद्धा लागत नाही. पहिल्या वीस वेळांत गोळ्याची खोली अडीच मिलिमीटरच्या आत राहिली, पूर्वी ती दोन सेंटिमीटर इकडेतिकडे जायची. मॅडमनी आलेख बघितले. या वेळी चष्मा काढला नाही, नुसतं विचारलं, "पावसाळ्यातली हवा दमट असते, ती कोरडी करून सोडतेस ना?"

नव्हते करत. उद्या सिलिका जेल आणायला जायचंय.